‘शॅल’ची कुळकथा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातल्या एक वयस्कर खाला आपल्या मुलीचा कागद घेऊन माझ्याकडे आल्या. मुलीचा तलाक झाला होता. दोन्ही घरच्या मंडळींनी बसून जे ठरवले, ते कुणीतरी स्टॅम्पपेपरवर इंग्रजीत उतरवून दिले होते. खाला म्हणाल्या, “बेटा, यात काय लिहिलंय ते मला मराठीत सांग.”

मी वाचू लागलो. नवरा मेहेरची बाकी रक्कम अमुक तारखेपर्यंत देईल. दागिने परत करील. मुलाच्या शाळेची फी भरील. खालांनी मला मध्येच थांबवले.

“देईल म्हणजे काय? मनात आलं तर देईल, नाही आलं तर नाही, असंच ना?”

“नाही खाला, द्यावीच लागेल असा त्याचा अर्थ आहे.”

“मग तसं का नाही वाचलंस?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. कागदावर प्रत्येक ओळीत ‘शॅल’ होते. मी ते शाळेत शिकलो तसे भविष्यकाळात वाचत गेलो होतो. त्या रात्री मला जाणवले की ज्या एका शब्दावर त्या मुलीचा सारा हक्क उभा होता, तोच माझ्या भाषांतरातून गळून पडला होता. इंग्रजीतल्या या लहानशा क्रियापदाने असा घोटाळा करण्याची ही पहिली वेळ नव्हे. गेली अडीचशे वर्षे आपल्या देशाच्या कायद्यात, आणि विशेषतः आपल्या मुसलमानांच्या कायद्यात, ते ठाण मांडून बसलेले आहे. म्हणून त्याची कुळकथा एकदा नीट सांगावी असे मनात होते.

शाळेतला नियम कुणी केला?

तर्खडकरांच्या पाठमाला किंवा रेन आणि मार्टिनचे व्याकरण घेऊन इंग्रजी शिकलेल्यांना तो नियम पाठ असेल. ‘आय’ आणि ‘वी’ यांच्यापुढे शॅल, बाकी सर्वांपुढे विल. हा झाला साधा भविष्यकाळ. निश्चय, आज्ञा, वचन किंवा धमकी दाखवायची असेल तर सगळे उलटे करायचे. ‘आय विल’ म्हणजे मी करणारच, आणि ‘ही शॅल’ म्हणजे त्याला करावेच लागेल. वर्गात हे घोकताना प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न येई, की एवढा उलटसुलट कारभार कशासाठी? मास्तरांकडे उत्तर नसे. इंग्रजांची भाषा आहे, ते म्हणतील तसे, एवढ्यावर भागवले जाई.

हा नियम स्पष्टपणे मांडला तो जॉन वॉलिस या गृहस्थाने, १६५३ साली. वॉलिस हा भाषेचा पंडित म्हणून प्रसिद्ध नव्हता. तो ऑक्सफर्डला भूमितीचा प्राध्यापक होता. अनंत या कल्पनेसाठी गणितात आडव्या आठच्या आकड्यासारखे जे चिन्ह वापरतात, ते त्यानेच रूढ केले. त्याने इंग्रजीचे व्याकरण लिहिले ते लॅटिन भाषेत, कारण ते परदेशी लोकांना इंग्रजी शिकता यावे म्हणून होते. म्हणजे ज्या नियमाने आपल्याला छळले तो मुळात आपल्यासारख्या परक्यांसाठीच लिहिला गेला होता! पुढे १७६२ साली रॉबर्ट लोथ या पाद्र्याने आणि १७९५ साली लिंडली मरे याने आपापल्या व्याकरणांत तोच नियम घेतला. मरेचे पुस्तक इंग्लंड-अमेरिकेच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालले, आणि त्याच परंपरेतून तो साम्राज्याबरोबर आपल्या शाळांतही आला.

खुद्द इंग्रजांनाही तो नीट पाळता येत नव्हता. स्कॉटिश आणि आयरिश लोक तर त्यासाठी चेष्टेचा विषय झाले होते. नदीत बुडणाऱ्या एका आयरिश माणसाची गोष्ट इंग्रज मंडळी रंगवून सांगत. त्या बिचाऱ्याला म्हणायचे होते, “मी बुडेन, मला कुणी वाचवणार नाही.” घाबरून त्याने शॅलच्या जागी विल आणि विलच्या जागी शॅल घातले. त्याचा अर्थ झाला, “मी बुडणारच, खबरदार मला कुणी वाचवाल तर!” काठावरच्या सभ्य इंग्रजांनी व्याकरणाचा मान राखला आणि त्याला बुडू दिले. विनोद म्हणून हे ठीक आहे. पण क्रियापद चुकले तर माणूस बुडतो, ही त्यातली गोष्ट पुढे आपल्याला उपयोगी पडेल.

१९०६ साली फाउलर बंधूंनी इंग्रजी लेखनावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी या एका जोडीवर कितीतरी पाने खर्च केली. आणि वर असेही सुचवले की दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्याला हे आपोआप येते, इतरांना ते शिकून येणे कठीण. १९२५ साली चार्ल्स फ्राइज या अमेरिकन अभ्यासकाने इंग्रजी व अमेरिकन नाटकांतले संवाद तपासले. लोक प्रत्यक्षात बोलतात ते वॉलिसच्या नियमाप्रमाणे नाही, हे त्याने दाखवून दिले.

तरीही हा नियम सुशिक्षितांच्या कानात किती भिनला होता याचा नमुना आपल्याच इतिहासात आहे. १४ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्री संविधान सभेत पंडित नेहरूंनी जे प्रसिद्ध भाषण केले, त्यात ‘आपण’ आपली प्रतिज्ञा पुरी करण्याचा उल्लेख येतो तिथे शॅल आहे, आणि पुढच्याच वाक्यात ‘भारत’ जागा होण्याचा उल्लेख येतो तिथे विल आहे. हॅरो आणि केंब्रिजमध्ये घडलेल्या माणसाचे इंग्रजी होते ते.

ऋण आणि इच्छा

या उलटसुलटपणाचे खरे कारण शब्दांच्या मुळाशी आहे. जुन्या इंग्रजीत भविष्यकाळाचे वेगळे रूपच नव्हते. वर्तमानकाळावरच काम भागे. शॅल आणि विल ही तेव्हा स्वतंत्र, भरघोस अर्थाची क्रियापदे होती. विल म्हणजे इच्छा करणे. आजही मृत्युपत्राला इंग्रजीत विल म्हणतात आणि आपण वसियत म्हणतो. तिथे माणसाची इच्छा हाच अर्थ शिल्लक आहे. आणि शॅल म्हणजे देणे लागणे, ऋणी असणे. चौदाव्या शतकात चौसर या कवीने हे क्रियापद ‘देणे लागतो’ या अर्थाने वापरलेले आढळते. जर्मन भाषेत त्याचे सख्खे भावंड आजही आहे. तिथे ‘शुल्ड’ म्हणजे कर्ज, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ अपराध.

म्हणजे ‘ही शॅल पे’ याचा मूळ भाव “तो देईल” असा नाही. “देणे त्याच्यावर कर्ज आहे” असा आहे. आपल्याकडेही मेहेर न देता माणूस गेला तर ती रक्कम त्याच्यावरचे कर्ज मानतात आणि वारसांत वाटणी होण्याआधी ती फेडावी लागते. खालांच्या कागदावरचा शॅल हा असा नेमका त्याच्या मूळ अर्थाने तिथे बसलेला होता.

आता नियमाचे गूढही उकलते. दुसऱ्याविषयी बोलताना त्याच्यावर देणे आहे असे म्हटले की तो हुकूम होतो, म्हणून ‘ही शॅल’मध्ये सक्ती आली. स्वतःविषयी बोलताना माझी इच्छा आहे असे म्हटले की तो निर्धार होतो, म्हणून ‘आय विल’मध्ये निश्चय आला. उरलेल्या दोन जागी दोन्ही शब्दांचा अर्थ झिजत झिजत नुसता काळ दाखवण्यापुरता राहिला. बोलीत झिजलेला हा अर्थ एका ठिकाणी मात्र शाबूत राहिला. ते ठिकाण म्हणजे कायदा.

कंपनीच्या कचेरीतून

१७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालमधील दिवाणी न्यायाची योजना आखली. वारसा, विवाह आणि धार्मिक रिवाजांच्या दाव्यांत मुसलमानांना कुराणाचा आणि हिंदूंना शास्त्रांचा कायदा लावला जावा, हे त्या योजनेत जे कलम सांगते, त्याचे क्रियापद शॅल हेच आहे. आज आपण ज्याला पर्सनल लॉ म्हणतो, त्याची इंग्रजी अमदानीतली सुरुवात अशी या शब्दापासून होते.

मुंबई इलाख्यात गोष्ट वेगळी होती. इथे १८२७च्या एल्फिन्स्टनच्या नियमावलीत रूढीला मोठे स्थान मिळाले. त्याचा परिणाम १८४७ साली दिसला. मुंबईच्या खोजा आणि कच्छी मेमन कुटुंबांतील मुलींनी बापाच्या मिळकतीत कुराणाप्रमाणे आपला हिस्सा मागितला. मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी, या जमातींची रूढी मुलींना वारसा देत नाही, सबब रूढीच चालेल, असा निकाल दिला. मुली हरल्या. ज्या मजहबने त्यांना हिस्सा दिला होता, तो मजहब त्यांच्या घरात होता, पण कोर्टात नव्हता.

ही परिस्थिती बदलण्यास नव्वद वर्षे लागली. १९३७ साली शरियत अ‍ॅक्ट झाला. तो मंजूर होण्यामागे उलेमांचा रेटा होता. मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांचा रूढीविरुद्धचा संतापही होता, आणि विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत त्याची नोंद आहे. या छोट्याशा कायद्याची दुसरी आणि तिसरी कलमे शेजारी ठेवून वाचावीत. दुसऱ्या कलमात वारसा, निकाह, तलाक, खुला, मेहेर, नफका, वक्फ वगैरे बाबतींत, रूढी काहीही असो, निर्णयाचा नियम मुस्लिम पर्सनल लॉ हाच राहील, असे म्हटले आहे. इथे क्रियापद शॅल. तिसऱ्या कलमात दत्तक, वसियत आणि वसियतीने दिलेली देणगी या तीन गोष्टी येतात. त्यांसाठी ज्याची इच्छा असेल तो तसे प्रतिज्ञापत्र देऊ शकेल. इथे क्रियापद ‘मे’. एक कलम सक्तीचे, दुसरे मर्जीचे, आणि दोहोंतला फरक एका शब्दाचा. शेतजमीन मात्र दुसऱ्या कलमातून वगळली गेली होती. त्यामुळे गावाकडच्या कितीतरी बहिणींना त्या शॅलचा उपयोग झाला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

त्या कलमाचा अर्थ काय, हा प्रश्न तब्बल ऐंशी वर्षांनी पुन्हा उभा राहिला. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो खटल्यात एकाच वेळी दिलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्दबातल ठरवला. न्या. नरिमन आणि न्या. लळित यांच्या मते १९३७च्या कायद्याने अशा तलाकला कायद्याचे बळ दिले होते, म्हणून तो मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येतो. न्या. कुरियन जोसेफ यांनी वेगळी वाट घेतली. कायद्याने शरियत लागू केली एवढेच. जे कुराणाच्या विरुद्ध आहे ते शरियत असू शकत नाही, असे ते म्हणाले. सरन्यायाधीश खेहर आणि न्या. अब्दुल नझीर यांचे मत या दोन्हींहून निराळे होते. पाच न्यायाधीशांनी तेच कलम वाचले आणि तीन वाचने झाली.

संविधान सभेतली एक दुपार

२३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुद्याचे ३५वे कलम चर्चेला आले. तेच आजचे ४४वे, समान नागरी कायद्याचे. मद्रासचे मोहम्मद इस्माईल, पोकर साहेब आणि महबूब अली बेग, तसेच बंगालचे नझिरुद्दीन अहमद यांनी दुरुस्त्या मांडल्या. कोणत्याही समाजावर आपला पर्सनल लॉ सोडण्याची सक्ती असू नये, असा त्यांचा आग्रह होता. मुन्शी आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी कलमाची बाजू घेतली. अखेरीस डॉ. आंबेडकर उत्तराला उभे राहिले.

त्यांच्या उत्तराचे दोन भाग आहेत आणि आपल्याकडे बहुधा त्यातला एकच सांगितला जातो. पहिल्या भागात त्यांनी दाखवून दिले की मुसलमानांचा कायदा देशभर एकच आणि अपरिवर्तनीय होता हे खरे नाही. वायव्य सरहद्द प्रांतात १९३५पर्यंत आणि मुंबई, मध्य प्रांत व संयुक्त प्रांतात १९३७पर्यंत वारशाच्या बाबतीत मुसलमानांना बऱ्याच अंशी हिंदू कायदा लागू होता, तर उत्तर मलबारात मातृवंशी मरुमक्कथायम पद्धत चालत असे. दुसऱ्या भागात त्यांनी सभासदांना दिलासा दिला, आणि तो क्रियापदावर बोट ठेवून. तुम्ही या कलमात नसलेले वाचत आहात, असे त्यांचे म्हणणे होते. राज्य अशा कायद्यासाठी प्रयत्न करील एवढेच कलम म्हणते. तो झाल्यावर प्रत्येकावर लादला जाईल असे ते म्हणत नाही. आरंभी जे स्वखुशीने प्रतिज्ञापत्र देतील त्यांनाच तो लागू करण्याची तरतूद भावी संसद करू शकेल, असेही ते म्हणाले, आणि दाखला दिला तो १९३७च्या शरियत अ‍ॅक्टचा.

व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर बाबासाहेबांचा मुद्दा अचूक आहे. कलम ४४मध्ये शॅल आहे खरा, पण त्याच्या पाठोपाठ ‘एन्डेव्हर’ म्हणजे ‘प्रयत्न करणे’ हे क्रियापद येते. सक्ती आहे ती प्रयत्नाची. शिवाय कलम ३७मध्ये दोन शॅल समोरासमोर उभे आहेत. मार्गदर्शक तत्त्वांची अंमलबजावणी न्यायालयातून करून घेता येणार नाही, हा एक. आणि कायदे करताना ती तत्त्वे लागू करणे हे राज्याचे कर्तव्य राहील, हा दुसरा. समान नागरी कायद्याचे समर्थक दुसऱ्यावर बोट ठेवतात, विरोधक पहिल्यावर. उत्तराखंडमध्ये असा कायदा २०२४ साली मंजूर होऊन २७ जानेवारी २०२५पासून लागू झाला, तेव्हाही हाच वाद नव्याने रंगला. आपण कोणत्याही बाजूचे असू, निदान कलम पुरते वाचून बोलावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

सक्तीचा शॅल, सवडीचा शॅल

कायद्यातला शॅल म्हणजे नेहमी सक्तीच, असे समजून चालले तरी माणूस फसतो. संविधानाच्या ३२०व्या कलमात सरकारी नोकरांवरील शिस्तभंगाच्या कारवाईबाबत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयी शॅल आहे. पण १९५७ साली मनबोधनलाल श्रीवास्तव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो सक्तीचा नाही, निर्देशापुरता आहे, असे ठरवले. उलट १९७१ साली, राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल, हे सांगणाऱ्या ७४व्या कलमातला शॅल सक्तीचाच आहे, असे त्याच न्यायालयाने सांगितले. तो सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे काय, हे मात्र कलमात लिहिलेले नव्हते. आणीबाणीत, १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने तिथे आणखी एक शॅल घातला आणि राष्ट्रपतींचे हात बांधले. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने एक ‘मे’ घालून, सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्यापुरती गाठ सैल केली.

शॅलची सर्वांत भयंकर जागा भारतीय दंडसंहितेच्या ३०३व्या कलमात होती. जन्मठेप भोगत असलेल्या कैद्याने खून केला तर त्याला देहान्त शासन, असे ते कलम सांगे. खुनाच्या ३०२व्या कलमात शॅलनंतर फाशी ‘किंवा’ जन्मठेप असा पर्याय होता. ३०३मध्ये तो ‘किंवा’ नव्हता. आरोपीची परिस्थिती, चिथावणी, पश्चात्ताप यांपैकी काही पाहण्याची मुभाच न्यायाधीशाला नव्हती. १९८३ साली मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. एका क्रियापदाला पर्याय नसणे म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

आपल्या वाचकांना हा गुंता नवा वाटू नये. उसूल-ए-फिक्हमध्ये ‘अम्र’, म्हणजे आज्ञार्थी रूप, याच्यावर फार पूर्वीपासून हीच चर्चा चालत आलेली आहे. आज्ञार्थाने दरवेळी फर्ज सिद्ध होते काय? सलात कायम करण्याचा हुकूम फर्ज आहे यात मतभेद नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी सूरह बकरामध्ये आज्ञार्थच आहे, पण बहुसंख्य फकीह त्याला मुस्तहब म्हणजे पसंतीचे समजतात, तर इब्न हज्मसारखे काही विद्वान त्याला वाजिब मानतात. जुम्याची नमाज संपल्यावर जमिनीवर पांगून रोजी शोधण्याविषयीही आज्ञार्थ आहे. पण नमाजनंतर कुणी मशिदीतच बसून राहिला तर तो गुन्हेगार ठरत नाही. तिथे आज्ञार्थाचा अर्थ परवानगी इतकाच होतो. म्हणजे क्रियापदाचे रूप पाहायचे, पण तेवढ्यावर न थांबता पुढचे-मागचे संदर्भ, हेतू आणि परिणामही पाहायचे. मद्रशातले आलिम आणि सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती या बाबतीत एकाच बाकावर बसलेले आहेत.

दोन क्रियापदांनी दिलेला न्याय

आता ज्या हकिकतीसाठी हा लेख लिहिला तिच्याकडे येतो. २३ एप्रिल १९८५ रोजी शाहबानो खटल्याचा निकाल लागला. त्यात सूरह बकराच्या २४१व्या आयतीच्या इंग्रजी भाषांतरांवर बराच खल झाला होता. आयतीतल्या ‘मताअ’ या शब्दाचा अर्थ तरतूद असा आहे, पोटगी असा नाही, असे पर्सनल लॉ बोर्डाच्या बाजूने मांडण्यात आले. शिवाय हा आदेश मुत्तकींना, म्हणजे विशेष परहेजगार लोकांना आहे, सर्वसामान्यांना नाही, असेही सांगण्यात आले. तरतूद आणि पोटगी यांतला भेद म्हणजे फरक नसलेला भेद आहे, असे म्हणून न्यायालयाने तो मुद्दा बाजूला सारला.

त्यानंतर देशात काय वादळ उठले ते सर्वांना ठाऊक आहे. १९८६ साली संसदेने तलाकशुदा मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा कायदा केला. त्याने शाहबानोचा निकाल पुसून टाकला, असाच सर्वांचा समज झाला. कारण तिसऱ्या कलमात पतीच्या जबाबदारीला ‘इद्दतीच्या मुदतीत’ असे शब्द जोडलेले होते.

पण त्याच कलमात वाजवी आणि रास्त तरतूद व पोटगी अशा दोन गोष्टी होत्या, आणि त्यांना दोन वेगळी क्रियापदे होती. एक ‘करणे’, दुसरे ‘अदा करणे’. १९८८ साली गुजरात उच्च न्यायालयाने या दोन क्रियापदांकडे लक्ष वेधले. तरतूद करायची असते, पोटगी अदा करायची असते. तरतूद म्हणजे पुढच्या गरजांची आधीच केलेली सोय. ती इद्दतीच्या आत करून ठेवायची आहे. इद्दतीपुरतीच करायची आहे असे कायदा म्हणत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही २००० साली असाच अर्थ लावला. आणि २८ सप्टेंबर २००१ रोजी दानियाल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. दानियाल लतीफी हे शाहबानोचेच वकील. १९८५ साली जो भेद फरक नसलेला म्हणून टाकून दिला होता, त्याच भेदाने २००१ साली तलाकशुदा स्त्रीला तिच्या पुढच्या आयुष्याची तरतूद मिळवून दिली! पुढे १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५व्या कलमाचा मार्गही तिला खुला असल्याचे स्पष्ट केले.

मग वापरावे कसे?

बोलण्यातला प्रश्न आता सोपा झाला आहे. आजच्या इंग्रजीत भविष्यकाळासाठी सर्व पुरुषांत विल चालते. ‘आय विल’ म्हटले म्हणून कुणी हसणार नाही. शॅल ठेवायचा तो प्रश्नांत. “मी खिडकी उघडू का?”, “आपण निघू या का?” असे विचारताना ‘शॅल आय’, ‘शॅल वी’ हेच बरोबर, तिथे विल घालणे चूक. शॅलचेच जुने भूतकाळी रूप असलेले ‘शुड’ म्हणजे करायला हवे, करणे योग्य. तो सल्ला आहे, बंधन नव्हे.

लिखापढीत मात्र जपावे. करारात ज्याच्यावर देणे आहे त्या माणसाच्या नावापुढेच शॅल यावा. ‘शुड पे’ लिहिलेला कागद घेऊ नये. ‘मे’ दिसला की कुणाच्या मर्जीवर सोडले आहे ते विचारावे. खरे तर जगभर कायदे लिहिणारे आता शॅललाच कंटाळले आहेत. दक्षिण आफ्रिकेने १९९६चे संविधान लिहिताना त्याच्या जागी ‘मस्ट’ घेतला. अमेरिकेने २००७ साली आपल्या दिवाणी कामकाजाच्या नियमांतून तो काढून टाकला. आपल्याकडे मात्र २०२३ साली नव्याने केलेल्या फौजदारी संहितांतही त्याचे राज्य कायम आहे.

आणि मराठीचे काय? आपण शॅलचे भाषांतर सरसकट ‘देईल’, ‘करील’, ‘राहील’ असे करतो. सरकारी मराठीची ती रीत आहे आणि वकिलांना ती समजते. पण खालांना ती समजत नाही, आणि कायदा लागू होतो तो खालांच्या घरात. शिवकालीन पत्रे पाहिली तर ‘देणे’, ‘करीत जाणे’, ‘उजूर न करणे’ अशी रोखठोक रूपे भेटतात. पाटलाला किंवा देशमुखाला आपल्यावर काय बंधन आहे याची शंका राहत नसे. आजच्या मराठीतही ‘द्यावे लागेल’, ‘देणे बंधनकारक आहे’, ‘देणे भाग आहे’ हे शब्द आहेत. ते वापरायला कुणी मना केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी खालांच्या घरी गेलो आणि तो कागद पुन्हा वाचला. या वेळी प्रत्येक ओळ “द्यावी लागेल”, “परत करावे लागतील”, “भरणे बंधनकारक आहे” अशी वाचली. मुलगी दाराआड उभी राहून ऐकत होती. खाला म्हणाल्या, “आता कसं! काल तू वाचलंस तेव्हा वाटलं, आपण मागतोय. आज कळलं, आपलं येणं आहे.”

सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांना शॅलचा जो अर्थ ठाऊक होता, तो शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईने एका वाक्यात सांगितला.